फोटो फाटतो म्हणजे नेमकं काय होतं?

गेल्या महिन्यात सकाळी दुकानाचं शटर वर करत होतो, तोच एक तरुण दारात येऊन उभा राहिला. वडील आदल्या दिवशी गेलेले. चौकात लावायला आठ बाय सहाचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स हवा होता आणि फोटो म्हणून त्याच्याकडे होता व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक ग्रुप फोटो. कुणाच्या तरी लग्नातला. मागच्या रांगेत, डावीकडून तिसरे, फेटा बांधलेले वडील.

मी फोटो कॉम्प्युटरवर घेतला, चेहरा कापला आणि माप बघितलं. रुंदी ९० पिक्सेल. फ्लेक्सवर तो चेहरा तीन फूट रुंद करायचा होता. ‘फाटणार,’ मी म्हणालो.

‘असं कसं? माझा मोबाईल पन्नास मेगापिक्सेलचा आहे.’

अशा वेळी माणसाला गणित सांगत बसता येत नाही. पण हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपात रोज येतो. ऑनलाइन फॉर्मसाठी ‘फोटो पन्नास केबीच्या आत करून द्या’ म्हणणारी पोरं येतात, जुन्या कॅसेटी मोबाईलवर घेऊन मागणाऱ्या आजीबाई येतात, ‘सॉफ्टवेअरने जरा क्लिअर करा ना’ म्हणणारे तर सगळेच. म्हणून फाइलच्या आत नेमकं काय असतं, ते एकदा निवांत लिहून ठेवतोय.

ठिपक्यांची रांगोळी, पण ठिपके कोटीभर

कॉम्प्युटरला चित्र दिसत नाही. त्याला आकडे साठवता येतात आणि आकड्यांचा हिशेब करता येतो, बस. त्यामुळे चित्र त्याच्या पोटात घालायचं तर आधी चित्राचे आकडे करावे लागतात. हे काम अमेरिकेत १९५७ साली झालं. रसेल किर्श या इंजिनिअरनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो घेतला, त्याचे १७६ आडवे आणि १७६ उभे असे भाग पाडले आणि प्रत्येक ठिकाणी किती उजेड आहे, हे यंत्राकडून टिपून घेतलं. एकूण ३०,९७६ ठिपके. कॉम्प्युटरच्या पोटात गेलेला तो पहिला फोटो.

यातला एक ठिपका म्हणजे पिक्सेल. रांगोळीच्या ठिपक्यांसारखीच ओळीत, सारख्या अंतरावर मांडणी. फक्त इथे रेषा जोडायची नसते, प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायचा असतो. हा रंग तीन आकड्यांत लिहितात: लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. मर्यादा २५५ च का? घरातल्या बोर्डावर आठ बटणं आहेत असं समजा. प्रत्येक चालू किंवा बंद. त्यांच्या एकूण २५६ वेगवेगळ्या तऱ्हा होतात, शून्य धरून २५५ पर्यंत मोजता येतं. अशा आठ बटणांच्या संचाला बाइट म्हणतात. हळदीचा पिवळा लिहायचा तर साधारण लाल २३०, हिरवा १७०, निळा २०. तीन आकड्यांच्या सगळ्या जोड्या धरल्या तर १,६७,७७,२१६ रंग होतात.

खोटं वाटत असेल तर मोबाईलच्या पांढऱ्या स्क्रीनवर पाण्याचा अगदी बारीक थेंब टाका. थेंब भिंगाचं काम करतो आणि पांढऱ्याऐवजी लाल, हिरवे, निळे कण दिसायला लागतात. पांढरा रंग तिथे नसतोच. तो आपल्या डोळ्यात तयार होतो.

आता त्या तरुणाच्या वडिलांचा हिशेब. तीन फूट म्हणजे साधारण ९१४ मिलिमीटर. ते ९० ठिपक्यांत वाटले की एकेक ठिपका सेंटिमीटरभर रुंद. डोळ्याच्या बाहुलीच्या वाट्याला आले दोन-तीन चौकोन. याला आम्ही धंद्यात ‘फोटो फाटला’ म्हणतो. खरं तर फाटत काहीच नाही. तेवढीच माहिती मोठ्या जागेत पसरली जाते, पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी वाढवावं तशी.

पण पन्नास मेगापिक्सेलचं काय?

मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. तो कॅमेऱ्याचा आकडा आहे, तुमच्या हातातल्या फोटोचा नव्हे. पन्नास मेगापिक्सेलचे पुष्कळ फोन नेहमीच्या वापरात शेजारचे चार-चार ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात, कारण चार छोटे मिळून उजेड जास्त गोळा करतात. पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला की लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांवर येते. त्यात तीस माणसं दाटीने उभी. एकाच्या चेहऱ्याला किती ठिपके उरणार?

आणि कॅमेराही काही सगळं ‘बघत’ नाही. त्याचा सेन्सर रंगांच्या बाबतीत आंधळा असतो, त्याला फक्त उजेड कळतो. म्हणून प्रत्येक कणावर एकेका रंगाची काच बसवलेली असते: निम्म्या कणांवर हिरवी, पाव कणांवर लाल, पाव कणांवर निळी. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांची, पेटंट १९७६ चं, आणि आजही बहुतेक कॅमेऱ्यांत तीच किंवा तिचाच एखादा प्रकार आहे. हिरव्या काचेखालच्या कणाला लाल किती हे माहीतच नसतं. शेजाऱ्यांना विचारून तो आकडा भरला जातो. म्हणजे तुमच्या फोटोतल्या रंगांच्या आकड्यांपैकी दोन तृतीयांश मोजलेले नसतात, अंदाजाने भरलेले असतात. अंदाज उत्तम असतो, हे मात्र मान्य.

ओवीचे आकडे

दुकानात दुसरं काम येतं कॅसेटचं. एक बाई सासूच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट घेऊन आल्या होत्या. नव्वद मिनिटांची, एका बाजूला मागे कुठेतरी कोंबडा आरवतोय. ती ऐकताना त्यांनी विचारलं, ‘फोटोचे ठिपके समजले, पण आवाजाचे ठिपके कसे करता?’

आवाज म्हणजे हवेचा दाब कमी-जास्त होणं. मायक्रोफोनचा पडदा त्या दाबाबरोबर पुढे-मागे हलतो आणि त्याची वीज होते. आता दवाखान्यात खाटेला लटकवलेला तापाचा तक्ता आठवा. नर्स ठरावीक वेळाने ताप मोजते, कागदावर ठिपका देते, ठिपके जोडले की ताप कसा चढला-उतरला ते दिसतं. आवाजाचंही हेच, फक्त नर्सला फार घाई असते. सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० वेळा माप घेतलं जातं. एकेका मापाला नमुना म्हणू.

माप किती बारकाईने घ्यायचं, हा दुसरा प्रश्न. नुसते सेंटिमीटर असलेली पट्टी आणि मिलिमीटर असलेली पट्टी यांत फरक आहे ना, तसं. सीडीत प्रत्येक नमुन्याला दोन बाइट दिलेत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. पायऱ्या कमी केल्या की हळू आवाजाच्या जागी खरखर ऐकू येते. दोन स्पीकरांसाठी दोन वेगळे आवाज धरले तर सेकंदाला १,७६,४०० बाइट, मिनिटाला साधारण साडेदहा एमबी (हजार बाइटांचा एक केबी, दहा लाखांचा एक एमबी).

४४,१०० हा आडनिडा आकडा बघून मला बरेच दिवस वाटायचं की यामागे कानाचं काही खोल शास्त्र असेल. अर्धंच खरं निघालं. सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत. टेपवरच्या चित्राच्या ओळींत जेवढे नमुने बरोबर बसत, तो हा आकडा. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली ती तोच घेऊन.

मिरवणुकीतला आवाज चिरकतो त्याचं कारणही या पायऱ्यांत आहे. ढोल-ताशाच्या पथकापुढे मोबाईल धरला की आवाजाची लाट सगळ्यात वरच्या पायरीच्याही वर जाऊ पाहते. वर पायरीच नाही. मग लाटेचा माथा विळीने कापल्यासारखा सपाट होतो. माथा किती उंच होता याची कुठेच नोंद नाही, त्यामुळे नंतर आवाज कमी केलात तरी चिरका तो चिरकाच.

दोन मापांच्या मधला आवाज हरवतो ना?

हा आक्षेप मला रेकॉर्डप्लेअरवाले हमखास ऐकवतात. तबकडीवर सलग रेघ, डिजिटलमध्ये नुसते ठिपके, म्हणजे मधलं सगळं गेलं. ऐकायला पटतं. पण तसं नाही.

नर्स दर चार तासांनी आली आणि ताप मधल्या एका तासात चढून उतरला, तर तक्त्यात तो येणार नाही. खरं आहे. पण ताप इतक्या झटपट चढ-उतार करूच शकत नाही, अशी खात्री असेल तर? मग मधल्या वेळात काय झालं ते ठिपक्यांवरून नेमकं काढता येतं. त्यातून जाणारी वळणदार रेघ एकच असते. १९२८ मध्ये हॅरी नायक्विस्ट या इंजिनिअरनी याचा पाया घातला आणि १९४९ मध्ये क्लॉड शॅनन या गणितज्ञांनी ते नीट सिद्ध करून मांडलं. नियम सोपा आहे: जो सर्वांत जलद कंप पकडायचा, त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा मोजा. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २०,००० कंपनांपर्यंत ऐकू येतं, आणि वय वाढेल तशी ही मर्यादा खाली येते. दुप्पट ४०,०००. सीडी त्याच्या वर आहे.

नियम मोडला की गंमत होते. मोबाईलवर पंख्याचा व्हिडिओ काढा. पाती उलटी फिरताना किंवा जागेवर थबकलेली दिसतील. कॅमेरा पुरेशा वेळा बघत नाही, म्हणून भलतीच गती नोंदवतो. आवाजातही जास्त वरचा कंप असाच खोटा खालचा सूर बनून येतो. म्हणून मोजायच्या आधीच तेवढे वरचे सूर गाळून टाकतात.

साध्या फोनवर हे गाळणं फार कडक असतं. जुन्या पद्धतीच्या टेलिफोनमध्ये सेकंदाला ८,००० नमुने, म्हणजे ४,००० कंपनांच्या वरचं सगळं बाहेर. ‘स’ आणि ‘फ’ यांतला फरक नेमका वरच्या सुरांत राहतो. फोनवर नाव सांगताना ‘साताऱ्याचा एस, फलटणचा एफ’ असं म्हणावं लागतं ते यामुळे. नव्या फोरजी कॉलमध्ये बहुधा १६,००० नमुने असतात, म्हणून आवाज एकदम जवळ आल्यासारखा वाटतो.

छत्तीस एमबीचे चार एमबी कसे होतात?

खरा मजेचा भाग इथे आहे. बारा मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४,००० गुणिले ३,००० ठिपके. प्रत्येकाला तीन बाइट, एकूण ३६ एमबी. पण गॅलरीत त्याच फोटोखाली तीन-चार एमबी लिहिलेलं असतं. बाकीचे कुठे गेले?

फेकून दिले. हेच उत्तर आहे, आणि ते ऐकून गिऱ्हाईक दचकतं. फाइल लहान करायचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात काही जात नाही: ‘पांढरा, पांढरा, पांढरा’ असं शंभर वेळा लिहिण्याऐवजी ‘शंभर पांढरे’ लिहायचं. झिप आणि पीएनजी फाइली याच जातकुळीतल्या. पण खऱ्या फोटोत दोन शेजारचे ठिपके सहसा तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे यात फार बचत होत नाही. दुसरा मार्ग जेपीजीचा, म्हणजे मोबाईलचे बरेचसे फोटो ज्या पद्धतीत साठतात तिचा. तिचे नियम १९९२ मध्ये ठरले. तो विचारतो, माणसाला काय दिसत नाही? तेवढं काढून टाका.

आपला डोळा उजेडातला बारीक फरक झटकन ओळखतो, रंगातला मात्र नाही. म्हणून जेपीजी आधी उजेड आणि रंग वेगळे करते आणि रंगाची माहिती सहसा चारपैकी एकाच ठिपक्यापुरती ठेवते. इतकं करूनसुद्धा बघणाऱ्याला पत्ता लागत नाही.

नंतर फोटोचे ८ बाय ८ ठिपक्यांचे तुकडे करतात. एका तुकड्यात उजेडाचे ६४ आकडे. ते जसेच्या तसे न लिहिता तो तुकडा ६४ ठरलेल्या नक्ष्यांचं मिश्रण म्हणून लिहितात. पहिली नक्षी सगळीकडे सारखी, दुसरी डावीकडून उजवीकडे हलके गडद होत जाणारी, मग रुंद पट्टे, मग बारीक पट्टे, शेवटची बुद्धिबळाच्या पटासारखी. कोणती नक्षी किती, एवढंच नोंदवायचं. गोडा मसाला बघून धणे किती, तीळ किती, दगडफूल किती हे लिहून ठेवावं तसं. या पायरीत काहीही हरवलेलं नाही. ६४ आकड्यांचे ६४ च राहिले.

पण आकाशाच्या तुकड्यात पहिल्या दोन-तीन नक्ष्याच भरघोस असतात, बाकीच्या चिमटीपेक्षाही कमी. त्या चिमटी शून्य करून टाकायच्या. चव बदलत नाही. मग ‘पुढे साठ शून्यं’ असं एका दमात लिहिता येतं आणि फाइल आक्रसते. ‘क्वालिटी’ म्हणून जी पट्टी सॉफ्टवेअरमध्ये सरकवतो, ती फक्त एवढंच ठरवते की किती मोठ्या चिमटीला शून्य म्हणायचं.

या नक्ष्यांच्या गणिताचं नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. ते सुचलं बंगळुरात जन्मलेल्या नासिर अहमद यांना. १९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या सरकारी विज्ञान संस्थेकडे यासाठी निधी मागितला, तो नाकारला गेला. तरी काम सुरू ठेवलं आणि १९७४ मध्ये टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह निबंध छापला. निबंधावरची तिन्ही नावं आपल्याकडची. आज सकाळचे ‘शुभ सकाळ’चे फोटो ज्या गणितावर धावतात, ते हे. इतकी वर्षं फोटोच्या धंद्यात असून मला हे नाव फार उशिरा कळलं, याची थोडी लाज वाटते.

या पद्धतीला एक गोष्ट झेपत नाही, ती म्हणजे अक्षरं. पांढऱ्यावर एकदम काळी कड आली की बारीक नक्ष्याही भरपूर लागतात, आणि नेमक्या त्याच छाटल्या जातात. फार दाबलेल्या मार्कशीटवर किंवा सहीवर अक्षरांभोवती माश्या बसल्यासारखी घाण दिसते, ती ही. कागदपत्रं चालत असतील तिथे पीडीएफ किंवा पीएनजीत द्यावीत.

कानाला फसवायची रीत

आवाजाला हाच न्याय. एसटी स्टँडवर शेजारचा माणूस बोलतोय आणि गाडी सुरू झाली, की त्याचे ओठ हलताना दिसतात पण शब्द कळत नाहीत. मोठा आवाज आपल्या सुराजवळच्या छोट्या आवाजांना झाकून टाकतो. जे ऐकूच येणार नाही ते साठवायचं कशाला? एमपीथ्री या तत्त्वावर चालते, आणि आतलं गणित त्या कोसाइनचंच भावंड. व्हॉट्सअ‍ॅपची व्हॉइस नोट ऑपस नावाच्या नव्या पद्धतीत असते. मिनिटभराचा निरोप जेमतेम शे-दोनशे केबीत मावतो.

यातही फसगत होते ती आघाताच्या आवाजात. खूप दाबलेल्या एमपीथ्रीत तबल्याची थाप लक्ष देऊन ऐका. थापेच्या किंचित आधीच एक धूसर ‘फस्स’ येतो, कारण आवाज छोट्या छोट्या तुकड्यांत दाबला जातो आणि दाबताना झालेली चूक त्या संपूर्ण तुकड्यात पसरते, मागेही आणि पुढेही. त्या बाईंच्या ओव्या म्हणूनच मी आधी न दाबता वेव्ह फाइलमध्ये घेतल्या आणि फोनसाठी वेगळी छोटी प्रत दिली. कोंबडाही तसाच ठेवला.

मग फोटो वापरून वापरून झिजतो का?

नाही. कितीदाही उघडा, पेनड्राइव्हवर कॉपी करा, आकडे तेच राहतात. कॅसेटवरून कॅसेट केली की सूं सूं वाढत जायचं, इथे तसं नाही. झीज होते ती पुन्हा सेव्ह करताना आणि पुन्हा दाबून पाठवताना. प्रत्येक वेळी नव्याने चिमटी फेकल्या जातात. म्हणून चांगला फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मग फाइल जशी आहे तशी जाते.

कोर्टकचेरीत हा फरक महाग पडू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात डिजिटल पुराव्याबरोबरच्या प्रमाणपत्रात फाइलचं ‘हॅश’ लिहायचं असतं. हॅश म्हणजे सगळ्या आकड्यांतून काढलेला एक ठसा. एक बाइट बदलला तरी ठसा बदलतो. दाबून फॉरवर्ड झालेला व्हिडिओ डोळ्यांना तोच दिसतो, पण ठसा मूळ फाइलशी जुळत नाही. मूळ फोन सांभाळा म्हणतात ते यासाठी.

फॉर्मच्या केबीचंही सांगतो. पन्नास केबीची अट आली की पोरं क्वालिटीची पट्टी तळाला नेतात आणि चेहरा चिखल होतो. आधी ठिपके कमी करा. अर्जावर फोटो बोटभरच दिसणार असतो. त्याला २०० बाय २३० ठिपके पुरतात. तेवढा छोटा केला की क्वालिटी फारशी न उतरवताच तो पन्नासच्या आत बसतो.

सॉफ्टवेअरने क्लिअर होत नाही?

त्या तरुणानेही शेवटी हेच विचारलं. मी करून दाखवलं. हल्ली एआयवर चालणारी साधनं आहेत, ९० ठिपक्यांचा चेहरा हजार ठिपक्यांचा करून देतात. मिशीचा केस न् केस आला, डोळ्यांत चमक आली. त्याने मोबाईलवर फोटो काढून बहिणीला पाठवला. दोन मिनिटांत तिचा फोन. ‘हे कोण आहेत?’

ते साधन काही खोटारडं नाही. पूर्वी लाखो चेहरे बघितल्यामुळे अशा डागांच्या जागी बहुतेक वेळा काय असतं, हे त्याला ठाऊक असतं. ते तसं भरतं. वडिलांच्या भुवईवर जुनी खूण होती. ९० ठिपक्यांत ती उतरलीच नव्हती, तर परत कुठून येणार? जुनी सॉफ्टवेअरं शेजारच्या ठिपक्यांची सरासरी भरून नुसतं धुकं करायची. ते दिसायला वाईट, पण निदान माहिती नाही हे कबूल करायचं.

मी विचारलं, ‘हा फोटो आला कुठून?’ मावसभावाने लग्नाच्या अल्बममधल्या छापील फोटोचा मोबाईलने फोटो काढून टाकला होता. म्हणजे अल्बम होता. तासाभरात तो मोटरसायकलवर जाऊन घेऊन आला. पारदर्शक कागदाखालून फोटो अलगद काढला. चेहरा सव्वा सेंटिमीटरचा. स्कॅनरवर ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके या हिशेबाने घेतला. चेहऱ्याला ३०० च्या आसपास ठिपके मिळाले. तीन फुटांवर पसरले तरी एकेक ठिपका तीन मिलिमीटरचा, आणि चांगल्या नजरेलाही तेवढे ठिपके दहा मीटरवरून सहजासहजी वेगळे ओळखू येत नाहीत. चौकातला रस्ता साधारण तेवढाच रुंद आहे.

दुपारी फ्लेक्स बाहेर आला तेव्हा तो अगदी जवळ जाऊन बघायला लागला. मी त्याला रस्त्याच्या पलीकडे, पानटपरीपाशी उभं राहायला सांगितलं. तिथून त्याने हात वर केला आणि स्वतःच्या भुवईवर बोट ठेवलं.